हाताला चव असावी, लहर नसावी

मार्च महिन्यात मुलीकडे पुण्याला गेलो होतो. एका संध्याकाळी ती आणि जावई मला तेथील एका मायक्रोब्रुअरीत घेऊन गेले. मी गव्हाची बिअर मागविली. पेला समोर आला आणि वास घेताच मन प्रसन्न झाले. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास या जातीच्या बिअरला हवा, तो अगदी नेमका होता. फेस दाट, चव स्वच्छ. ज्याने ही बिअर केली त्याला काम येते, असे मी जावयाला सांगितले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पुण्याला जाणे झाले. या वेळी मीच सर्वांना आग्रहाने तेथे नेले. तीच जागा, तेच नाव, चारशेच्या घरातली तीच किंमत. पेल्यात मात्र दुसरेच काही तरी होते. केळ्याचा वास गायब, जिभेच्या कडांना आंबूस चव आणि घोट गिळल्यावर मागे शिरक्याची धार. वाढणाऱ्या मुलाला मी हे हळूच सांगितले. तो नम्रपणे म्हणाला, "सर, ही क्राफ्ट बिअर आहे. प्रत्येक बॅच वेगळी असणारच. तीच तर यातली गंमत आहे."

त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. त्याला जे शिकविले होते ते त्याने म्हटले. परंतु 'गंमत' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. आयुष्याची अठ्ठावीस वर्षे मी वाळूजच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. तेथे ज्या गोष्टीला आम्ही 'बिघाड' म्हणत होतो, तिला आता 'गंमत' म्हणतात, हे मला नवे होते.

रविवारच्या सकाळी चहाबरोबर बिअरवरचा लेख वाचावा लागतो आहे, याबद्दल काही वाचक नाराज होतील. त्यांना एवढेच सांगतो की, कोणी बिअर प्यावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. ज्यांनी ती केली आहे, विकली आहे आणि पैसे घेतले आहेत, त्यांच्या जबाबदारीविषयी हा लेख आहे. आणि आमच्या मराठवाड्यात हा प्रश्न शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो. पाण्याचा प्रश्न तर न पिणाऱ्यांचाही आहे.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादला, बाहेरचे लोक वेरूळ-अजिंठ्यामुळे ओळखतात. दारूच्या धंद्यातले लोक मात्र या शहराला बिअरचे गाव म्हणून ओळखतात. मागास भागात उद्योग यावेत म्हणून दिलेल्या सवलती आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी, या दोन गोष्टींच्या आधारावर येथील औद्योगिक वसाहती वाढल्या आणि त्यांत बिअरचे कारखानेही आले. या कारखान्यांच्या बिअरला कोणी फार थोर म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. परंतु जानेवारीत भरलेली बाटली आणि मे महिन्यात भरलेली बाटली शेजारी ठेवली, तर पिणाऱ्याला फरक सांगता येत नाही. हे आपोआप होत नाही. त्यामागे रोज सकाळी अकरा वाजता रिकाम्या पोटी, बिनलेबलाच्या पेल्यांसमोर बसणारी पाच-सहा माणसे असतात. त्यांतला एक मी होतो.

या एकसारखेपणाला कंटाळूनच छोट्या भट्ट्या निघाल्या आणि ते बरेच झाले. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली. पाठोपाठ पुण्या-मुंबईत अनेक निघाल्या. वेगवेगळी धान्ये, वेगवेगळे हॉप्स, आंबा, कोकम, कॉफी असे नाना प्रयोग झाले. कारखान्यात आम्हाला ज्यांची स्वप्नेही पाहता येत नव्हती, अशा चवी या मुलांनी करून दाखविल्या. त्यांतल्या काहींची बिअर मी प्यालो आहे आणि मनापासून दाद दिली आहे. त्यामुळे छोट्यांविरुद्ध मोठ्यांची वकिली करण्याचा माझा विचार नाही. तक्रार एवढीच की, वैविध्य आणि अनियमितपणा या दोन गोष्टींची गल्लत होते आहे. दहा प्रकारच्या बिअर करणे हे वैविध्य. एकाच नावाची बिअर दहा वेळा दहा प्रकारची होणे, हे वैविध्य नव्हे.

आता ती तशी का होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्यांच्या घरी इडलीचे पीठ भिजते त्यांना ते लगेच कळेल. थंडीत पीठ फुगत नाही, उन्हाळ्यात ते उतू जाते आणि आंबट होते. बिअरचेही तसेच. यीस्ट ही जिवंत वस्तू आहे. ज्या बिअरचे यीस्ट अठरा-वीस अंशांवर सुखी असते, ते सव्वीस-अठ्ठावीस अंशांवर गेले की नको ती रसायने सोडते. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन, वीज दोन तास गेलेली आणि गार पाणी फिरविणारे यंत्र बंद, एवढे पुरते. आंबवण संपल्यावर बिअर आणखी काही दिवस तशीच ठेवावी लागते, म्हणजे लोण्यासारखा जो एक वास तयार झालेला असतो, तो यीस्ट स्वतःच खाऊन टाकते. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी टाकी घाईने उपसली, तर लोण्याचा वास पेल्यात येतो. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्यात कसूर, भिजलेल्या पुठ्ठ्याची चव आली तर हवा लागली, आणि आंबूस-शिरका आले तर कोठे तरी, बहुधा नळीत किंवा तोटीत, स्वच्छता राहिली. बिअर ज्या नळीतून पेल्यात येते ती दर पंधरा दिवसांनी धुवायची असते. किती ठिकाणी धुतली जाते, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

आणि पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. आमच्या शहराने नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय वर्षानुवर्षे अंगी बाणवून घेतली आहे. घरोघर जे होते तेच छोट्या धंद्यातही होते: सोमवारी नळाचे, गुरुवारी टँकरचे, मध्येच बोअरचे. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते. त्याने धान्याच्या काढ्याची आम्लता बिघडते, सालीतला तुरटपणा उतरतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकले नाही, तर ते माल्टमधल्या द्रव्यांशी संयोग पावते आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. म्हणजे कृती तीच, माणूस तोच, माल्टचे पोते तेच. केवळ पाणी बदलले आणि चव पार बदलली. यात गूढ असे काही नाही. पाणी तपासायला दहा मिनिटे लागतात.

हे सारे माणसाला शे-दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. गंमत म्हणायची तर ती येथे आहे. बोहेमियातल्या पिल्सेन गावच्या लोकांनी १८३८ साली खराब बिअरची छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. गावच्या बिअरचा भरवसा राहिलेला नव्हता. कधी बरी, कधी आंबट. ओतून गप्प न बसता त्यांनी वर्गणी काढून नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि १८४२ साली त्याने जी सोनेरी बिअर केली, तिची नक्कल आज सारे जग करते. आमच्या वाळूजच्या बाटल्यांतही तिचीच पणती-खापरपणती असते. थोडक्यात, जगातल्या सर्वांत लोकप्रिय बिअरचा जन्म गिऱ्हाइकाच्या रागातून झाला. पिल्सेनच्या लोकांना कोणी 'हीच तर गंमत' म्हणून समजावले असते, तर तो जन्म झालाच नसता.

पुढे लुई पाश्चरने बिअर का बिघडते यावर १८७६ साली ग्रंथच लिहिला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ साली यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढविली आणि कंपनीने ती युक्ती पेटंट न घेता इतरांनाही देऊन टाकली. त्याच प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेनसेनने आम्लता मोजण्याची पीएच ही मोजपट्टी दिली; शाळेतल्या मुलांना ती पाठ असते, पण ती बिअरच्या कारखान्यातून आली हे फारसे कोणी सांगत नाही. त्या कंपनीचा एक कारखाना आज आमच्या गावीही आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनतज्ज्ञ होता. मोजके नमुने तपासून सगळ्या मालाविषयी खात्रीने काय सांगता येईल, या प्रश्नाने त्याला पछाडले. त्याचे उत्तर त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले. आज औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत सगळीकडे वापरली जाणारी 'टी-टेस्ट' ती हीच. कालच्यासारखी बिअर आज व्हावी, या साध्या हट्टापायी माणसाने केवढे ज्ञान मिळविले पाहा. त्या ज्ञानाचा मोठा भाग आज फुकट उपलब्ध आहे. तो न वापरणे म्हणजे कलंदरपणा नव्हे, आळस आहे.

यावर एक आक्षेप येईल. माझ्या परिचयातल्या एका तरुण ब्रुअरने तो माझ्यासमोर मांडलाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही कारखान्यातले. तुमच्या यंत्राला हात नसतो. आमचे हातचे काम आहे. हाताने केले की थोडे इकडेतिकडे होणारच."

मी त्याला विचारले, "तू पैठणी उलटून पाहिली आहेस कधी?"

पैठण आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर. तेथल्या मागावरची खरी पैठणी ओळखायची खूण अशी की, तिचा काठ आणि पदर उलट्या बाजूनेही सुलट्यासारखाच दिसतो. ती पूर्णपणे हाताची कला आहे. विणकर एक मोर डावीकडे बारीक आणि उजवीकडे जाड काढून 'हातचे आहे, चालायचेच' असे म्हणत नाही. तसे म्हटले तर त्याला पैठणीचा विणकर कोणी म्हणणार नाही. आमच्या शहरातल्या नान-खलियाचे घ्या. पिढ्यान् पिढ्या करणारे खानसामे आहेत. तराजू नाही, तापमापक नाही. पण लग्नात पाचशे माणसांचा देग असो की हजाराचा, मसाला तोच लागतो. आपल्या भाषेत 'तिच्या हाताला चव आहे' असे ज्या बाईविषयी म्हणतात, तिची आमटी मंगळवारी झकास आणि बुधवारी पाणचट नसते. हाताला चव आहे याचा अर्थच मुळी असा की, त्या हाताने केव्हाही केले तरी ते उतरते. हाताचे काम हे चुकांचे निमित्त कधीच नव्हते; ते भरवशाचे दुसरे नाव होते. यंत्र आले ते हाताची बरोबरी करण्यासाठी.

मग फरक मुळीच नसावा काय? तसेही नाही. धान्य दरवर्षी थोडे वेगळे येते. हॉप्स जुने झाले की मंद होतात. ऋतूप्रमाणे मुद्दाम वेगळी बिअर करावी, तिला वेगळे नाव द्यावे, त्यात आनंदच आहे. बेल्जियममध्ये लँबिक नावाची बिअर तर उघड्या हवेतल्या रानटी यीस्टवर सोडून देतात. तिच्याइतकी बेभरवशाची बिअर दुसरी नसेल. पण तेथील कारागीरही ती तशीच विकून मोकळे होत नाहीत. एक, दोन आणि तीन वर्षांची पिंपे चाखून, मिसळून, आपल्या घराण्याची म्हणून जी चव आहे ती जुळवितात आणि मगच बाटली भरतात. निसर्गावर सर्व सोपवणारा माणूससुद्धा शेवटचा शब्द आपल्या जिभेकडे ठेवतो. फरक करावा, तो झाला असे होऊ नये.

आता पाण्याकडे येतो. एक लिटर बिअर करायला चांगल्या मोठ्या कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. छोट्या भट्टीत धुण्या-पुसण्याचे प्रमाण जास्त असल्याने ते सात-आठ लिटरवरही जाते. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्य उद्योगांच्या पाण्यात आधी पन्नास आणि पुढे साठ टक्के कपात करण्याचा आदेश दिला. गावात बोलणे एकच होते: माणसाला प्यायला नाही आणि यांना बिअरला हवे. मी रोज सकाळी त्या बोलण्यातून वाट काढीत कामावर जात होतो. त्या लोकांचे काही चुकत होते, असे मला तेव्हाही वाटले नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या एका टाकीला जंतुसंसर्ग झाला. चाळीस हजार लिटरची टाकी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, चाखले, शंकेला जागा नव्हती. प्यायल्याने कोणी आजारी पडले नसते. कदाचित निम्म्यांना कळलेही नसते. वरून विचारणा झाली, दुसऱ्या टाकीत थोडी थोडी मिसळून खपविता येईल काय? मी नाही म्हटले आणि टाकी ओतून देण्याच्या कागदावर सही केली. संध्याकाळी घरी आलो तर गल्लीत टँकर उभा होता आणि माझी पत्नी दोन कळशा घेऊन रांगेत होती. मी कपडे न बदलता तिच्या हातून एक कळशी घेतली. सकाळी मी सही करून अशा चार टँकरांएवढी बिअर गटारात सोडली होती आणि ती करण्यासाठी त्याच्या कित्येक पट पाणी आधीच गेले होते. हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. पुष्कळ दिवसांनी सांगितले.

सही बरोबर होती असे मला आजही वाटते. चूक सहीत नव्हती. चूक त्या आधी तीन आठवडे, एका झडपेच्या धुण्यात झाली होती. कोणी तरी वीस मिनिटांचे काम दहा मिनिटांत उरकले होते. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. बिघडलेल्या बॅचचे काय करावे, याला चांगले उत्तर नसतेच. विकली तर गिऱ्हाइकाची फसवणूक, ओतली तर पाण्याची नासाडी, आंब्याचा रस घालून झाकली तर दोन्ही. चांगले उत्तर एकच आहे: ती बिघडू न देणे. आणि जेथे पाणी रांगेत उभे राहून मिळते, तेथे हे उत्तर ऐच्छिक राहात नाही. पाणी मुबलक असलेल्या देशात प्रत्येक बॅच वेगळी होणे ही एखाद्याची हौस असेल. मराठवाड्यात ती हौस कोणाला परवडू नये.

ही लाट पुण्या-मुंबईपुरती राहणारी नाही. आमच्या भागात जो कोणी छोटी भट्टी चालवील, त्याच्याकडून फार अवघड अपेक्षा नाहीत. पाणी रोज तपासावे आणि त्याची वही ठेवावी. यीस्ट किती वेळा वापरले याचा हिशेब ठेवावा. नळ्या पंधरा दिवसांनी धुवाव्यात आणि धुतल्याची तारीख भिंतीवर लिहावी. फळ्यावर बिअरच्या नावाबरोबर बॅचचा क्रमांक आणि ती केव्हा केली तो दिवस लिहावा. हॉटेलात भाजीचा दर लिहितात तसा. आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली तर वाढणाऱ्या मुलाला 'गंमत' हा शब्द शिकविण्याऐवजी 'बदलून देतो' हे दोन शब्द शिकवावेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली मद्यांसाठी मानके ठरविली; २०१९ च्या एप्रिलपासून ती लागू झाली. ती हवीतच. पण मानक फार तर पेय सुरक्षित आहे एवढे सांगते. ते कालच्यासारखे आहे की नाही, हे सरकार सांगू शकत नाही. ते करणाऱ्याच्या अब्रूवर सोडलेले असते.

एकट्या छोट्या माणसाला प्रयोगशाळा परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण पाच-सहा जणांना मिळून एक परवडेल. आमच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण आणि संशोधन होते. आणि या शहरात माझ्यासारखे निवृत्त लोक आहेत, ज्यांची जीभ अजून शाबूत आहे आणि ज्यांना सकाळी अकरा वाजता विशेष काही काम नसते. बोलावले तर आम्ही येऊ. पैसे मागणार नाही. फक्त खरे बोलू दिले पाहिजे.

तो तरुण ब्रुअर पैठणीच्या प्रश्नानंतर थोडा वेळ गप्प बसला होता. मग त्याने विचारले, "काका, पाणी तपासायचे कसे ते दाखवाल?" गेल्या महिन्यात त्याने एका डब्यात तीन बाटल्या भरून पाठविल्या: नळाचे, टँकरचे आणि बोअरचे. तिघांचे पीएच आणि क्षार मोजून मी त्याला कागद पाठविला. तिन्ही पाणी इतके वेगळे होते की, त्यांतून एकच चव निघाली असती तरच मला आश्चर्य वाटले असते. त्याने आता वही घातली आहे, असे कळले.